अर्ध्या वाक्यात मेलेली माणसं

बाई फोनवर 'हॅलो' म्हणत नाहीत. 'काय वाचतेस?' म्हणतात, आणि मी पुस्तकाचं नाव सांगते न सांगते तोच पुढचा प्रश्न येतो, 'कोण मेलं?' पहिल्यांदा हा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि मोबाइल स्पीकरवर होता. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातातला चहा बशीत सांडला. ठाकूरद्वारच्या आमच्या घरात सकाळच्या प्रहरी असं विचारायची पद्धत नाही. 'कोण गं ही?' त्यांनी विचारलं. 'आमच्या बाई. मराठीच्या विभागप्रमुख,' मी म्हटलं. 'मराठीच्या का? मग ठीक आहे,' असं म्हणून आप्पांनी पुन्हा पेपर उघडला, जणू मराठी विभागाकडून याहून वेगळी अपेक्षाच नव्हती.

आता बाई भाचीकडे उत्तनला राहतात. फोन अजून येतो आणि प्रश्नही तोच असतो. मध्ये काही महिने मात्र तो प्रश्न बंद झाला होता. मी इथे सांगणार आहे ते त्याच महिन्यांबद्दल, पण त्याआधी बाई कोण हे सांगायला हवं.

गिरगावातल्या त्या कॉलेजात मी लागले तेव्हा बाई निवृत्तीला आल्या होत्या. कडक खळ दिलेली सुती साडी, मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ, बारमाही छत्री आणि खांद्याला कापडी पिशवी. सगळ्या कॉलेजात बाकीच्या मॅडम होत्या, या एकट्या बाई. कोणी चुकून 'मॅडम' म्हटलं तर त्या मागे वळून पाहायच्या, मागे कोणी मॅडम उभी आहे का म्हणून. बाई ख्रिस्ती, माझगावच्या, आणि आडनाव पोर्तुगीज. नवी मुलं दारावरची पाटी वाचून फ्रेंच विभाग समजून आत शिरायची. 'आलाच आहात तर बसा,' म्हणून बाई त्यांना मराठीच्या तासाला बसवून घ्यायच्या, आणि त्यातली काही खरंच टिकायची. 'तुमचं मराठी किती छान आहे!' असं एखाद्या पाहुण्यानं कौतुक केलं, की बाई हात जोडून म्हणायच्या, 'तुमचंही बरं आहे हो.'

वर्गात त्यांचं एका शब्दाशी वैर होतं. तो शब्द म्हणजे बोध. 'या कथेतून आपल्याला असा बोध मिळतो की' असं कोणी लिहिलं, की बाई ते अख्खं वाक्य लाल पेनानं आडवं खोडायच्या. 'बोध मिळतो म्हणे! कथा काय मोफत नमुने वाटायला बसलीय? कोण उपाशी झोपलं ते सांग. कोणाकडे कोणी पाहिलंच नाही ते सांग.' प्रतीकांचंही तेच. एक मुलगा उभा राहून म्हणाला, 'बाई, ही विहीर म्हणजे नायिकेच्या मनाचं प्रतीक आहे.' बाईंनी शांतपणे विचारलं, 'तिला पाणी आहे का?' मुलगा गोंधळला. 'विहिरीला रे. आधी पाणी आहे का बघ. त्या बाईला रोज तिथे भरायला लागतंय.'

त्यांचं प्रत्येक पुस्तक शाळकरी पोरांच्या वह्यांसारखं तपकिरी कागदात असायचं. वर नाव नाही, लेखक नाही. 'नाव वाचलं की लोक आधीच मान डोलवायला लागतात,' असं त्याचं कारण. त्यामुळे त्यांच्या घरातलं कपाट हे एक तपकिरी कोडं होतं. त्यातलं कुठलं पुस्तक कुठे आहे हे त्यांना कसं कळायचं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

'रविवारी सकाळी चर्चला ये. नंतर जेवायलाच थांब,' असं त्या एकदा म्हणाल्या. देवाधर्मात मला फारसा रस नाही. पण बाईंच्या हातचे फुगे, म्हणजे ते गोल तळलेले पाव, आणि बाटली मसाल्यातलं मटण यांची कीर्ती मी ऐकून होते. मी गेले.

माझगावच्या चढावर ते जुनं चर्च आहे. सकाळची मराठी मिस्सा, म्हणजे त्यांची सामूहिक उपासना. माणसं मोजकी, बहुतेक म्हातारी. बाईंची जागा ठरलेली, खांबाजवळचं बाक, वर पंखा. सुरुवातीलाच फादर म्हणाले की आजची मिस्सा शेवंताच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून आहे. ही त्यांच्यातली रीत. घरचं कोणी गेलं असलं की चर्चच्या ऑफिसात जाऊन नाव सांगायचं, मग त्या दिवशी फादर ते नाव घेतात आणि सगळे मिळून त्याच्यासाठी प्रार्थना करतात. आपल्याकडे अभिषेकाला नाव-गोत्र सांगतात तसं काहीतरी, असं मी मनात बसवून घेतलं. शेवंताचं नाव आलं तेव्हा बाईंनी डोळे मिटले. त्यांच्या ओळखीची कोणी असणार हे उघड होतं.

मग प्रवचन सुरू झालं. फादर वसईकडचे, तरुण, आणि त्यांचं मराठी ऐकत राहावं असं. बाईंनी पिशवीतून तपकिरी कव्हराचं पुस्तक काढलं. मला वाटलं, प्रार्थनेचं असेल. वाकून पाहिलं तर पानावर एक बाई शेजारणीकडे वाटीभर साखर उसनी मागत होती.

'बाई, कादंबरी?' मी कुजबुजले.

'शू. फादर बोलतायत,' म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.

प्रवचन संपेपर्यंत त्या वाचत होत्या. पण हे वाचन मी स्टाफरूममध्ये पाहिलेलं वाचन नव्हतं. तिथे त्या झपाट्यानं वाचायच्या, मध्येच हसायच्या, 'गाढव आहे हा' असं नायकाला म्हणायच्या. इथे एकेका ओळीवर थांबत होत्या. एका ठिकाणी त्यांनी बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. पुढे वेदीवर घंटा वाजली, सगळे गुडघे टेकून खाली वाकले. बाईंनी पुस्तक मिटलं, पण बोट आतच होतं. तशाच त्या वाकल्या. त्यांचे ओठ हलत होते आणि चेहरा असा झाला होता की मी नजर दुसरीकडे वळवली. कोणाचं तरी खासगी काही पाहतेय असं मला वाटलं.

बाहेर अंगणात फादरांनी त्यांना गाठलं. बाईंच्या वाचनाचं चर्चमध्ये नवल उरलेलं नसणार, कारण फादर रागावलेले नव्हते, थकलेले होते. 'बाई, माझं प्रवचन तुम्हाला एवढं कंटाळवाणं वाटतं का?'

'अजिबात नाही. पण फादर, प्रभूनं गोष्ट सांगितली आणि तुम्ही तिचा अर्थ सांगत होता. मला वाटलं, तेवढ्यात आपण आणखी एक गोष्ट ऐकून घ्यावी. तो स्वतः अर्थ कुठे सांगत बसायचा फारसा?'

फादरांना हसू आवरेना. 'काय वाचता एवढं? द्या की मलाही एखादं.'

'देईन,' बाई म्हणाल्या. हे देणं पुढे त्यांना महागात पडणार होतं.

जेवताना मी विचारलं, 'शेवंता तुमच्या कोण?'

बाईंनी माझ्या ताटात आणखी एक फुगा टाकला. 'धुणंवाली. एका जुन्या कादंबरीतली.'

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्या अगदी साधेपणानं बोलत होत्या. 'मी एकोणीस वर्षांची होते. तेव्हाचे फादर फार लांब प्रवचन द्यायचे, म्हणून मी कादंबरी लपवून न्यायचे. चैन म्हणून, दुसरं काही नाही. त्यात ही शेवंता. दोन-तीनदा येते, कपड्यांचं बोचकं घेऊन. मग एका वाक्यात लेखक लिहितो की शेवंता तापानं गेली, आणि त्याच वाक्याच्या उरलेल्या अर्ध्यात नायक चहा पितो. झालं. पुढे तिचं नावही नाही. मी मागची पानं उलटली, पुढची उलटली. कोणी म्हणजे कोणी तिच्यासाठी थांबलं नव्हतं. तेवढ्यात घंटा वाजली आणि सगळे गुडघ्यावर आले. मीही टेकले, आणि काय झालं मला सांगता येत नाही, मी तिच्यासाठी टेकले. लहानपणापासून मी चर्चला जात होते गं. पण वर कोणीतरी खरंच ऐकतंय असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.'

तेव्हापासून बाई कादंबऱ्यांतल्या मेलेल्या माणसांसाठी मिस्सा सांगत आल्या होत्या. नायक-नायिकांसाठी कधीच नाही. 'त्यांच्यासाठी अख्खं प्रकरण असतं. त्यांच्यासाठी रडायला वाचक आहेत. मी अर्ध्या वाक्यात मेलेल्यांची.' चर्चमधल्या लोकांना ही माणसं बाईंच्या ओळखीतली वाटायची. चर्चची देखभाल करणारा म्हातारा त्याच सकाळी मला म्हणाला होता, 'बाईंकडे कामाला राहू नये कोणी. धुणंवाली गेली, दूधवाला गेला, रामोशी गेला. एकपण टिकत नाय.'

मी हसले होते, पण त्या दुपारी बाईंच्या घरून उतरताना मला त्या हसण्याची लाज वाटली. मीही कथा शिकवते. कथेची रचना, निवेदन, पात्रं, सगळं शिकवते. शेवंताच्या जागी मी 'गौण पात्र' असं लिहून पुढे गेले असते. ही बाई त्या गौण पात्रासाठी आयुष्यभर गुडघे टेकत होती. मला त्यांची थोडी भीतीच वाटली, खरं सांगायचं तर. एवढं मन लावून वाचणारं माणूस मी तोवर पाहिलेलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी मारुती गवंड्याचं प्रकरण झालं.

एका रविवारी फादरांनी मारुतीसाठी मिस्सा केली. आधी बाईंना विचारलं होतं की हा कोण. बाईंनी सांगितलं, 'गवंडी होता. परांचीवरून पडला. मागे कोणी नाही.' फादरांच्या मनाला ते फार लागलं. आजूबाजूला एवढे टॉवर उभे राहतायत, रे रोडपासून लालबागपर्यंत जिथे पाहावं तिथे परांच्या. त्यांनी प्रवचनच मारुतीवर दिलं. ज्यानं दुसऱ्यांची घरं बांधली आणि ज्याचं नाव कुठल्याच भिंतीवर नाही, त्याच्याबद्दल ते इतकं सुंदर बोलले की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. त्या दिवशी बाईंनीही पुस्तक काढलं नाही, प्रवचन ऐकलं. आणि घरी जाताना फादरांना कबूल केलेलं पुस्तक देऊन गेल्या. तपकिरी कागदात सगळी सारखीच. कुठलं दिलं ते पाहिलं नाही की मुद्दाम तेच दिलं, हे मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, 'हाताला आलं ते दिलं.' त्यांच्या कपाटाचं कोडं एकदाच चुकलं आणि ते असं.

काही आठवड्यांनी मिस्सा संपल्यावर फादर अंगणातल्या क्रूसापाशी येऊन उभे राहिले. मी बाईंबरोबर होते.

'बाई, तुमचा मारुती गवंडी मला भेटला,' फादर म्हणाले. 'सातव्या प्रकरणात.'

बाईंचा चेहरा उजळला. 'वाचलंत? पडतो ते वाचलंत?'

'वाचलं.'

'रडलात?'

फादर मग म्हणाले, 'रडलो. पण तो मुद्दा नाही, बाई. मी वेदीपुढे उभा राहिलो, एवढ्या लोकांना बरोबर घेतलं आणि देवाकडे एका माणसाच्या आत्म्याला शांती मागितली. तो माणूस जन्मालाच आलेला नाही. तुम्ही मला वेदीवर खोटं बोलायला लावलंत.'

'त्याच्या मागे कोणी नव्हतं, म्हणून मी...'

'कोणी नाही कसं? तोच नाही, बाई.'

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, बाई भांडल्या असत्या. फादर म्हणाले, 'यापुढे जो खरोखर जगला त्याचंच नाव द्यायचं. मला शब्द द्या.' बाईंनी मान हलवली. मग छत्री उघडून, ऊन नसताना, त्या चालायला लागल्या. मी त्यांच्या मागून गेले. त्यांच्या वाडीतल्या लाकडी जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर त्या बसल्या. घरात गेल्याच नाहीत.

'फादर चुकले असते तर मी सोडलं नसतं,' त्या म्हणाल्या. 'ते बरोबर आहेत. त्यांना मी खोटं बोलायला लावलं, तेही वेदीवर. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. पण त्याहून दुसरं मला खातंय. शेवंतापासून आजपर्यंत मी देवापुढे जेवढी नावं घेतली, त्यातलं एकही माणूस नव्हतं. मग माझं बोलणं कुणाकडे पोचलं? आयुष्यभर मी कोणासाठी मागत होते गं?'

मी काहीतरी बोलले, कल्पनेतलं सत्य वगैरे. वर्गात बरं वाटतं तसलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्यानंतर त्या रविवारी रिकाम्या हातानं जायला लागल्या. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. प्रवचन चालू असताना बाई मांडीवर हात ठेवून सरळ बसलेल्या, शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. फादर वेदीवरून दोनदा त्यांच्याकडे बघून अडखळले. आणि मग एका सकाळी बाईंचा फोन आला. 'हॅलो' म्हणाल्या. मी लाटणं खाली ठेवलं. आप्पांनीही पेपर खाली केला. 'आज विचारलं नाही त्यांनी कोण मेलं ते,' आप्पा म्हणाले. 'बरं नाही का त्यांना?'

त्या वर्षी एका दिवाळी अंकात माझी कथा आली. कथा एका बाईची होती, तिच्या लग्नाची, फसलेल्या आणि मग निभावलेल्या. त्यात चाळीतल्या खालच्या मजल्यावरचा बापू नावाचा एक माणूस एका परिच्छेदापुरता होता. तो दारातल्या सगळ्यांच्या चपला रोज तोंडं बाहेरच्या बाजूला करून, जोडीनं लावून ठेवायचा, म्हणजे जाणाऱ्याला वळावं लागू नये. एक दिवस तसाच चपला लावून तो कामावर गेला आणि परत आला नाही. पुढे कुठेतरी वारला म्हणतात, असं लिहून मी त्याच वाक्यात पुन्हा नायिकेकडे वळले होते.

बाईंनी अंक वाचला आणि मला बोलावून घेतलं. गेले तर टेबलावर अंक, त्यालाही तपकिरी कव्हर.

'बाकीची कथा तू लिहिलीस,' त्या म्हणाल्या. 'ठीक आहे. शेवट लांबलाय. पण हा बापू तू लिहिलेला नाहीस.'

'म्हणजे?'

'म्हणजे तुला एवढं सुचत नाही. मी तुझ्या सगळ्या कथा वाचल्यात. चपला बाहेरच्या बाजूला तोंड करून लावणारा माणूस असा टेबलाशी बसून सुचत नसतो. हा कोण होता?'

मी हे घराबाहेर कोणाला सांगितलेलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे; सांगायला काही जागाच नव्हती. नाना, आप्पांचे थोरले भाऊ. बंदरावर एका ऑफिसात कारकून होते. फार बोलायचे नाहीत. संध्याकाळी घरी आले की आधी दारातल्या चपला नीट लावायचे, मग आत यायचे. मी शाळेत होते तेव्हा एका सकाळी नाना डबा घेऊन गेले ते गेलेच. पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली, जाहिराती झाल्या. इतकी वर्षं लोटल्यावर गेला असं समजून विधी करता येतात, भटजी येऊन सांगून गेले. आजोबा म्हणाले, 'जिवंत मुलाचं तर्पण घालू? तो दारात येऊन उभा राहिला तर काय सांगू त्याला?' मग आजोबाही गेले. पितृपक्षात आप्पा त्यांच्या वडिलांचं नाव घेतात, त्यांच्या आजोबांचं घेतात आणि तिथे थांबतात. नानांचं नाव जिवंतांत घेता येत नाही आणि गेलेल्यांत घ्यायला आप्पांची जीभ रेटत नाही. असं करता करता ते नाव घरात उच्चारायचंच बंद झालं.

'होते,' मी बाईंना म्हटलं. 'आमचे काका होते. नाना म्हणायचो.' आणि मग सगळं सांगितलं.

बाई ऐकत होत्या. मग अगदी हळू म्हणाल्या, 'म्हणजे होते.'

'हो.'

'तू नाव बदललंस, मजला बदललास, आणि माणूस होता.' त्या उठल्या, कपाटापाशी गेल्या. तपकिरी पुस्तकांच्या ओळीवरून त्यांनी हात फिरवला आणि तसाच ठेवला. 'मग शेवंताही असेल गं. कोणाच्या तरी दारात येत असेल धुणं न्यायला. मारुती कोणीतरी पडताना पाहिला असेल. मला नावं खोटी माहीत होती, एवढंच. पण देवाला तर खरी ठाऊक असणार ना?'

त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या आणि रडत होत्या. मीही रडले. मी लिहिलेल्या अर्ध्या वाक्यात शिरून या बाईनं आमच्या नानांना शोधून काढलं होतं. जे आमच्या घराला एवढ्या वर्षांत जमलं नाही, ते.

त्याच संध्याकाळी त्या मला घेऊन फादरांकडे गेल्या. 'फादर, हे खरं जगलेले गृहस्थ. दिलेला शब्द मी मोडत नाहीये,' असं म्हणून त्यांनी मला पुढे केलं. मी पुन्हा सगळं सांगितलं, कथेतल्या बापूपासून नानांपर्यंत. फादरांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, 'पण ते गेलेत हे नक्की माहीत नाही?'

'नाही,' मी म्हटलं. मला वाटलं, संपलं. हाच उंबरठा आमच्या आजोबांना ओलांडता आला नव्हता.

'मग तसंच म्हणू,' फादर म्हणाले. 'मिस्सा जिवंत माणसासाठीही असते. कुठे आहेत ते देवाला माहीत आहे, मी कशाला ठरवू? मी नाव घेईन.' मग बाईंकडे वळून म्हणाले, 'तुमच्या त्या बाकीच्यांची नावं मला मोठ्यानं घेता येणार नाहीत, बाई. तुम्ही मनात घ्या. त्यांच्या मागे कोण खरं माणूस होतं ते मला माहीत नाही. पण कोणी नव्हतं असं मी परत म्हणणार नाही.'

घरी येऊन मी आप्पांना सांगितलं. नानांचं नाव काढल्याबरोबर ते उठून खिडकीशी गेले. मला वाटलं, चिडले. खाली रस्त्याकडे बघत त्यांनी एकच विचारलं, 'त्यांच्यात तो गेलाय असं म्हणावं लागतं का?'

'नाही.'

'मग येतो.'

रविवारी आप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. चर्चच्या पायऱ्यांशी, देवळात जातात तशा त्यांनी चपला काढल्या. बाकी सगळे बूट-चपला घालूनच आत चालले होते, पण आप्पांना कोणी काही म्हणालं नाही. एक चप्पल इकडे, एक तिकडे. बाई त्या वयातही वाकल्या आणि त्यांनी त्या जोडीनं, तोंडं बाहेरच्या बाजूला करून लावल्या. आप्पा बघत उभे राहिले. ही बाई कोण हे मला तेव्हा त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

आम्ही खांबाजवळच्या बाकावर बसलो. फादर वेदीपुढे आले आणि त्यांनी नानांचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. म्हणाले, ते आज जिथे असतील तिथे देवानं त्यांना जवळ घ्यावं, आणि त्यांची वाट पाहणाऱ्यांनाही. मग क्षणभर सगळं चर्च गप्प झालं. त्या शांततेत आप्पा, त्यांना तिथे बोलतात की नाही हे ठाऊक नसताना, चांगले मोठ्यानं म्हणाले, 'थोरला भाऊ माझा.'

पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळली. तिनं आप्पांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, 'हो, बाबा.' मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हटली. नानांसाठी, त्यांना कधीही न पाहिलेल्या माणसांनी.

बायबलमधली वाचनं झाली. प्रवचन सुरू झालं. माझ्या शेजारी पिशवीची सळसळ ऐकू आली. बाईंनी तपकिरी कव्हराचं पुस्तक बाहेर काढलं, मांडीवर उघडलं आणि चष्मा नाकावर नीट बसवला. फादरांनी वेदीवरून ते पाहिलं. एक वाक्य त्यांचं तिथेच राहिलं. मग ते किंचित हसले आणि पुढे बोलू लागले, आणि बाई एकेका ओळीवर बोट ठेवत वाचू लागल्या.

आप्पा माझ्या कानाशी वाकले. 'विचार त्यांना,' ते म्हणाले, 'कोण मेलं ते.'